लवू फिटरची सपाटी

लवू घाडीला डुगडुगणारी वस्तू सहन व्हायची नाही. भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत चहाची टपरी होती. तिथलं बाकडं एका पायानं हललं, की हा चहा बाजूला ठेवून त्या पायाखाली घालायला चीप शोधायचा. बाकीचे कामगार चहा पिऊन, तंबाखू मळून आपापल्या गाळ्यात परत जायचे, तरी लवू तिथंच उकिडवा.

परळच्या एका गिरणीच्या टूलरूममध्ये त्यानं बावीस वर्षं घासकाम केलं होतं. तेलात कालवलेला शेंदूर बिडाच्या सपाट लादीवर चोपडायचा आणि कामाचा तुकडा तिच्यावर फिरवायचा. जिथं शेंदूर लागेल तो उंचवटा. तेवढाच हत्यारानं खरवडायचा, परत फिरवायचा, परत खरवडायचा. सगळीकडं सारखा शेंदूर लागला की तुकडा सपाट. लवूनं केलेले दोन तुकडे एकमेकांवर दाबून ठेवले, तर वरचा उचलताना खालचा चिकटून लोंबकळत यायचा. कणकवलीकडच्या आमच्या मुलखात चार हात सपाट जागा मिळायची मारामार. तिथं जन्मलेल्या माणसाला सपाटीचं हे खूळ कुठून लागलं, देवाक ठाऊक.

ब्याऐंशीत संप झाला. दीड वर्ष वाट बघून लवूच्या लक्षात आलं, की गिरणी काही आपल्याला परत बोलवत नाही. चौऱ्याऐंशीच्या शिमग्यानंतर तो भांडुपला राजाराम साळसकरच्या गाळ्यात फिटर म्हणून लागला. राजारामही मूळचा आमच्याकडचाच, पण जन्म मुंबईतला. मालवणी त्याला बायकोशी भांडण्यापुरती, बाकी सगळा कारभार मुंबईच्या भाषेत.

गाळ्यात काम चालायचं ते गाड्यांच्या कॅमशाफ्टचं. इंजिनाच्या पोटात हा दांडा फिरतो. त्याला अंड्याच्या आकाराचे आठ उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट बसतं, म्हणजे जाड बुडाचा पोलादी पेलाच. उंचवटा फिरत आला की पेला वर उचलला जातो, पेल्यावरची सळई वर जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटे झिजले की गाडी ओढत नाही. मग शाफ्ट काढून राजारामकडं यायचा आणि ते पुन्हा आकारात घासले जायचे.

हे घासायचं काम धोंडिरामचं. तो कोरेगाव तालुक्यातला, साताऱ्याकडचा. अंगानं काडी, पण ग्राइंडिंगच्या दगडाचा आवाज ऐकून किती कापतोय ते सांगायचा. तोंडात न पेटवलेली विडी, कारण मशीनपाशी विडी पेटवायला बंदी आणि विडीशिवाय हात चालायचा नाही. लवूचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं, म्हणजे रोज भांडण व्हायचं.

"धोंड्या, मेल्या, तुझ्या दगडाचो आवाज आयकून माझे दात आंबतत," लवू म्हणायचा.

"कापूस घाल कानात. गिरणीतनं आणला नसशील तर देतो," धोंडिराम म्हणायचा. "आन काय रं, तुमच्या कोकणात सपाट जागा न्हाई, म्हून हितं सपाट करत बसतोस व्हय?"

लवूनं गाळ्यात एक नवी रीत सुरू केली. आधी टॅपेटं रॉकेलनं धुऊन गिऱ्हाइकाला परत द्यायचे. लवूला त्यांची बुडं बघवेनात. बारीक रेघा, डाग. त्यानं काचेच्या जाड तुकड्यावर पेस्ट टाकून एकेक टॅपेट फिरवून फिरवून घासायला घेतलं. आरशासारखं व्हायचं. वर शेंदूर लावून तपासायचा. सगळीकडं सारखा लागला तरच ते डब्यात. यासाठी तो जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं घालवायचा आणि वेगळा पैसा मागायचा नाही. राजाराम गिऱ्हाइकाला अभिमानानं दाखवायचा, "तोंड बघा यात. भांग पाडता येईल."

वर्षभर टॅक्सीवाल्यांची कामं गेली, तक्रार नाही.

मग अंधेरीहून शरच्चंद्र यायला लागला. याचं गॅरेज होतं आणि याला साध्या फियाटी पळवायची हौस. शर्यतीत उतरणारी पोरं, बापाच्या पैशानं माजलेली, त्याच्याकडं गाड्या आणायची. तो शाफ्टाचे उंचवटे जास्त उंच करून घ्यायचा, व्हॉल्व्हवर एकात एक अशा दोन-दोन कडक स्प्रिंगा घालायचा. कार्ब्युरेटर मोठा. गाडी गल्लीतून गेली की लहान मुलं झोपेतून उठायची.

पहिला शाफ्ट सहाशे किलोमीटरवर परत आला. आठांतले दोन उंचवटे बसके झालेले, टोक झिजून गोल. दुसरा सातशेवर. तिसरा पाचशेवर.

"राजारामभाऊ, माझी वाट लागली ना," शरच्चंद्र म्हणाला. "टॅपेटची सेटिंग सकाळी करतो, संध्याकाळी परत टकटक. तुमच्या शाफ्टात दम नाय. कोण घासतो?"

राजारामनं लवूकडं पाहिलं. गिरणीचा माणूस, मोजमापात याच्यापुढं कुणी नाही. लवूनं तिन्ही शाफ्ट घेतले, मायक्रोमीटर लावला आणि उंचवट्यांच्या न झिजलेल्या जागा मोजल्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दीड थाऊचा फरक. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस तीन थाऊचा. म्हणजे अर्ध्या केसाचा उतार. लवूच्या अंगावर काटा आला.

"उतरतां घासलला आसा," तो म्हणाला. "धोंडिरामाचो दगड वाकडो चलता."

धोंडिराम मशीन बंद करून आला. "उतार मूळच्या शाफ्टालाच हाय. नमुना ठेवून घासतो म्या. नमुन्यात हाय ते शाफ्टात येनार."

"तुझो नमुनो जुनो. झिजलेलो असतलो."

"सगळेच एकाच अंगाला कसं रं झिजतील? आठच्या आठ?"

हा प्रश्न चांगला होता. पण लवूला उत्तर आधीच सापडलं होतं, आणि उत्तर सापडलेला माणूस प्रश्न ऐकत नाही. नवा कोरा कंपनीचा शाफ्ट आणून मोजावा, तर त्याच्या किमतीत गाळ्याचं दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं. राजारामनं लवूचं ऐकलं. धोंडिरामला सांगितलं, उतार काढ. धोंडिराम म्हणाला, नाही काढणार, शाफ्ट मरंल. शब्दानं शब्द वाढला. मे महिन्याच्या एका शनिवारी धोंडिराम डबा आणि टॉवेल घेऊन गेला.

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. लवू टपरीवर बसून चार लोकांत बोलला, "घाट्याचो दगड वाकडो. तीन इंजिना खाल्ल्यान." इस्टेटीत पंचवीस गाळे. चहा थंड व्हायच्या आत बातमी पंचविसांत गेली.

आता ग्राइंडिंगवर राजाराम स्वतः उभा राहिला. लवूनं शेजारी उभं राहून उतार काढून घेतला. चौथा शाफ्ट असा सरळ निघाला, की लवूनं तो दोनदा हातात फिरवून बघितला. टॅपेटंही त्यानं खास घासली.

तो शाफ्ट तीन दिवसांत मेला.

शरच्चंद्रानं तो बाकीच्या सुट्या भागांसकट वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि टेबलावर आपटला. "आधीचा माणूस बरा होता. सहाशे किलोमीटर तरी जायचा! हा दीडशेला गेला. या वेळी आठही."

राजाराम लवूकडं बघायला लागला. आता दोष द्यायला धोंडिराम गाळ्यात नव्हता.

लवूनं शाफ्ट धुतला आणि दुपारभर घेऊन बसला. आठही उंचवट्यांची टोकं खाल्लेली, उंदरानं नारळ कुरतडावा तशी. पण त्याच शाफ्टावर एक नववी गोष्ट असते. उंचवट्यांच्या मध्ये एक गोल असतो, दांड्याच्या मध्यापासून जरा सरकलेला. तो फिरताना एका आखूड दांडीला ढकलतो आणि त्या दांडीवर पेट्रोलचा पंप चालतो. तो गोल साफ होता. एक ओरखडा नाही. दांडीचं टोकही तसंच.

तोच शाफ्ट, तोच दगड, तेच तेल. मग हा एकटा कसा जगला?

"त्याची स्प्रिंग मऊ असते रे," राजाराम म्हणाला. "पंपाला जोर किती लागतो?"

"ता खरा," लवू म्हणाला. पण त्याची नजर दांडीच्या टोकावरून हलेना. ते टोक गोलसर होतं, खिळ्याच्या डोक्यासारखं. पहिल्या शाफ्टाच्या वेळी त्यानं ते सपाट करायचा विचार केला होता. काचेवर ते बसेना म्हणून सोडून दिलं होतं. त्या सगळ्या सामानात त्याचा हात न लागलेली तेवढी एकच वस्तू.

"राजाराम, नवा टॅपेट आसा काय खय? पाकिटातला?"

कपाटात एक होतं, कंपनीच्या कागदात गुंडाळलेलं. लवूनं लादीवर शेंदूर चोपडला, टॅपेटाचं बूड तिच्यावर टेकवलं आणि फिरवलं. उचलून बघितलं. शेंदूर फक्त मधोमध लागला होता, बोटाच्या टोकाएवढा. कडा कोऱ्या.

त्यानं बूड पुसून परत केलं. परत तसंच. मग सरळ पट्टी बुडावर उभी धरून उजेडाकडं केली. दोन्ही कडांकडून केसभर उजेड येत होता.

नव्या टॅपेटाला पोट होतं. कंपनीनंच ठेवलेलं. आणि त्यानं वर्षभर प्रत्येक टॅपेटाचं पोट काचेवर घासून सपाट केलं होतं, जेवणाची सुट्टी मोडून, फुकट.

लवूनं कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी तो स्टेशनबाहेरच्या टॅक्सी स्टँडवर गेला. तिथं नंदू होता, त्याच्या गावचा. नंदूच्या फियाटचं इंजिन एकदाही उघडलेलं नव्हतं.

"नंदू, बॉनेट उघड. वरचा झाकण काढतंय."

"कित्याक? गाडी बरी चलता."

"म्हणानच."

झाकण काढलं. व्हॉल्व्हकडं जाणाऱ्या आठ सळया उघड्या पडल्या. लवूनं प्रत्येक सळईवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला आणि म्हणाला, "चालू कर. हळू ठेव."

तेल उडायला लागलं. लवूच्या चष्म्यावर, नंदूच्या सदऱ्यावर. नंदू ओरडला, "अरे, बायकोन आज धुतललो सदरो तो!" पण लवू वाकून बघत होता. सळया वर-खाली नाचत होत्या आणि नाचता नाचता गोल फिरत होत्या. ठिपका समोर यायचा, बाजूला जायचा, नाहीसा व्हायचा, परत यायचा. जातं फिरावं तसं, सावकाश.

मग दोघं तीच टॅक्सी घेऊन अंधेरीला गेले. शरच्चंद्राच्या गॅरेजात राजारामकडून गेलेला शाफ्ट आणि टॅपेटं घातलेलं एक इंजिन नुकतंच बसवलेलं होतं. झाकण काढलं, ठिपके दिले, चालू केलं. सळया वर-खाली होत होत्या. आठांतले सात ठिपके होते तिथंच उभे. एक थोडा हलला आणि थांबला.

लवूला सगळं लख्ख दिसलं. टॅपेटाला पोट, आणि शाफ्टाच्या उंचवट्याला अर्ध्या केसाचा उतार. दोन्ही मिळून टॅपेट मधोमध न टेकता जरा एका अंगाला टेकतं, म्हणून शाफ्ट त्याला वर ढकलता ढकलता फिरवतो आणि त्याच्याबरोबर वरची सळईही फिरते. फिरतं म्हणून दर वेळी नवी जागा घासली जाते. सपाट केलं की फिरणं बंद, मग त्याच जागेवर तोच मार. टॅक्सीच्या साध्या स्प्रिंगेखाली ही चूक पोटात जात होती. शरच्चंद्राच्या दुहेरी स्प्रिंगेखाली ती उघडी पडली. धोंडिरामच्या उतारानं निदान सहाशे किलोमीटर रेटलं होतं. लवूनं तोही काढून टाकला होता.

सोमवारी त्यानं राजारामला टॅपेट, पट्टी, शेंदूर सगळं दाखवलं. राजारामनं डोकं धरलं.

"म्हणजे आपणच मारत होतो?"

"आपण नाय. मी."

"हे बघ, बोंबलू नको. शरच्चंद्राला नवी टॅपेटं टाकून देऊ. धोंडिरामाला बोलाव गुपचूप. म्हणावं, झालं गेलं विसर."

धोंडिराम मुलुंडला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला होता. खाकी कपडे आधीच्या माणसाचे असावेत. पट्टा दोन वेढे मारून बांधलेला. लवूला बघून तो स्टुलावरून उठला नाही.

"शाफ्ट तुझे बरे होते," लवू उभ्या उभ्याच म्हणाला. "उतार होयोच होतो. टॅपेट माझ्या हातान मेले."

धोंडिरामनं विडी तोंडातून काढली. एक गाडी आली म्हणून उठून गेट उघडलं, लावलं, परत येऊन बसला.

"कितींदा सांगितलं हुतं तुला?"

"तीनदा."

"चारदा."

"चारदा," लवू म्हणाला. "राजारामान बोलावल्यान हा. सोमवारपासून ये."

"न्हाई येत."

"मगे हय गेट उघडत रवतलंस?"

"तू टपरीवर बसून बोल्लास. म्या कांजूरला काम मागाय गेलो, त्यो म्हनला, वाकड्या दगडाचा धोंडिराम तूच काय? विक्रोळीला गेलो, तिथं आतबी घेतलं न्हाई. आता गुपचूप आलो, तर लोक म्हनतील, दया केली कोकण्यांनी." त्यानं विडी परत तोंडात धरली. "जितं बोल्लास तितंच, त्याच लोकांम्होरं उलटं बोल. मंग येतो."

लवू घरी आला. बायको वनमाला भात वाढून बसली होती. त्यानं दोन घास खाल्ले आणि बोटानं भात ताटात पसरत बसला.

"तोय सपाट करतलास?" ती म्हणाली. "काय झाला ता सांग."

त्यानं सांगितलं.

"मगे सांगूक काय होता लोकांका? जीभ झिजतली?"

"लोक हसतले गो. बावीस वर्षां हात चलयलंय. कोणी बोट दाखवूक नाय."

"हसांदेत. आता हसूक तेंका कारण मिळात, इतके दिवस बिनकारणी हसत होते. तो माणूस तुझ्या जिभेपायी लोकांची दारां उघडता हा. तुझो हात घाल चुलीत."

लवूनं मान हलवली आणि ताट पुढं ओढलं. पण सोमवार गेला, पुढचाही गेला, टपरीवर त्याचं तोंड उघडेना. तीनदा त्यानं सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पावसावर बोलून उठला. राजारामनं मधल्या काळात विक्रोळीचा एक ग्राइंडर ठरवायला घेतला. दसऱ्यानंतर तो येणार होता. तो आला की धोंडिरामला जागाच राहत नव्हती.

मध्ये उरली खंडेनवमी. त्या दिवशी इस्टेटीत मशीनं धुऊन पुसून त्यांना झेंडू घालतात, आणि गेटजवळ सगळ्या गाळ्यांची मिळून एक पूजा असते. पूजेनंतर नारळ फोडायच्या आधी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवापुढं मोठ्यानं मागणं. गावी देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा. लवूच्या बापाचा आवाज नदीपल्याड जायचा. म्हणून इस्टेटीतही मागच्या वर्षी लवूनंच घातलं होतं. आदल्या दिवशी तो मुलुंडला जाऊन धोंडिरामला एवढंच म्हणाला, "उद्या अकराक ये. नाय इलंस तरी चलात."

दीडशे माणसं जमली होती. गुजराती शेटजी, भय्ये, मद्रासी टर्नर, आपले कोकणातले. लवूनं नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या जाग्यार, ह्या लोखंडावर पोट भरणारी तुझी लेकरां जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"वर्षभर ह्या मशिनींनी कोणाचो हात घेवक नाय, कोणाचा बोट घेवक नाय, ती तुझी किरपा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पुढच्या वर्षी काम उदंड येवंदे, वीज जाव नये, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जोरात.

लवूनं श्वास घेतला. "आणि ह्या लवू घाड्यान, धोंडिरामाचो दगड वाकडो म्हणान गावभर सांगल्यान, ता खोटा होता, म्हाराजा!"

अर्ध्या लोकांनी सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि मग ऐकलं. बाकीच्यांचं तोंड उघडंच राहिलं. राजाराम पूजेच्या पाटाकडं बघत राहिला.

"धोंडिरामाचो शाफ्ट बरो होतो! टॅपेटाचा पोट ह्या लवून काचेर घासून सपाट केल्यान, म्हणान चार शाफ्ट मेले, म्हाराजा!"

मग गेटाच्या बाहेरून, खाकी कपड्यांतून, साताऱ्याकडचा आवाज आला.

"व्हय म्हाराजाऽऽ!"

दीडशे माणसं हसली. शेटजीही हसले, कशाला ते न कळता. लवूनं डोळे न उघडता नारळ फोडला.

त्यानंतर लोक हसलेच. पंधरा दिवस टपरीवर लवू आला की कुणीतरी पोट पुढं काढून उभं राहायचं. दोन गिऱ्हाइकं गेली. शरच्चंद्रही रागावून गेला आणि दिवाळीनंतर परत आला. म्हणाला, दुसरीकडं दुप्पट घेतात. विक्रोळीच्या ग्राइंडरला राजारामनं येऊ नको म्हणून कळवलं.

धोंडिराम पूजेनंतरच्या सोमवारी आला. त्यानं आधी आपला नमुना शोधून पुसला, मशीनवर चढवला, उतार लावला. मग राजारामला सांगितलं, टॅपेटाचं बूडही आता मीच घासणार, मशीनवर, पोट ठेवून. लवूकडं धुवायचं आणि मोजायचं राहिलं. जेवणाच्या सुट्टीत त्याला आता काही काम नसायचं.

नव्या पद्धतीचं पहिलं इंजिन शरच्चंद्रानं चार हजार किलोमीटरनंतर मुद्दाम उघडून दाखवलं. टॅपेटांच्या बुडांवर बारीक गोल वर्तुळं उमटली होती, एकात एक, फिरल्याची खूण. लवूनं एक टॅपेट उचललं, उजेडाकडं धरलं. त्या वर्तुळांवरून त्याचा अंगठा फिरायला लागला.

"ए घाडी," मशीनपासून धोंडिराम ओरडला. "ठेव खाली ते!"

"बघतंय फक्त."

"बघायचं डोळ्यानं. हात मागं बांध."

लवूनं टॅपेट डब्यात ठेवलं, हात पाठीमागं बांधले आणि वाकून दुसऱ्याकडं बघायला लागला.